दात हातात आला तर...

अगं, तुझा लेक आता आठ वर्षांचा झाला. पुढचे दोन नवे दात कसे टपोरे आलेत! आणि हेच वय सायकलवरून तोंडावर आपटायचं, पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये बॅट लागायचं. म्हणून डोकं शांत आहे तोवर एक गोष्ट ऐकून ठेव. त्या वेळी तुझे हातपाय गळालेले असतील आणि सांगायला मी जवळ नसेन.

मुळासकट निखळलेला पक्का दात पुन्हा बसवता येतो. मुळावर एक पातळ, ओलसर आवरण असतं, त्यात जिवंत पेशी असतात. त्या जगल्या तरच दात हाडात नीट धरतो. कोरड्या पडल्या की मरायला लागतात. अर्ध्या तासाच्या आत दात जागेवर गेला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला तर तो टिकण्याची आशा फार कमी. म्हणजे डॉक्टर कितीही हुशार असोत, निम्मा निकाल दवाखान्यात पोचण्याआधीच लागतो.

आधी पोराकडे बघ. बेशुद्ध झाला होता, उलट्या होतायत, भलतंच बोलतोय, तर दात राहू दे बाजूला, थेट मोठं हॉस्पिटल. तसं काही नसेल तर दात शोध. धरायचा तो हसताना दिसतो त्या पांढऱ्या भागाला. मुळाला बोट लावायचं नाही. मूळ पिवळसर आणि आपल्या कल्पनेपेक्षा बरंच लांब असतं, बघून दचकू नकोस. माती लागली असेल तर थंड दुधाने नाहीतर नळाखाली दहाएक सेकंद धुवायचा, बस. घासायचं नाही, डेटॉल नाही, आणि पदराने किंवा ओढणीने पुसायचं तर अजिबात नाही. आपला हात पहिला तिकडेच जातो, म्हणून मुद्दाम सांगतेय. मग शेजारच्या दाताकडे बघून पुढची बाजू पुढे येईल असा धर आणि खळगीत अलगद सरकव. वर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून त्याला हलकेच चावून धरायला सांग, आणि निघ.

हे करायचा धीर होत नाही? हरकत नाही. फ्रिजमधलं साधं थंड दूध छोट्या डबीत घे, दात त्यात बुडव, झाकण लाव. पाण्यात ठेवू नकोस. पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात, दुधात काही वेळ तगतात. दूध मिळेपर्यंत हाताशी काहीच नसेल तर त्यालाच वाटीत थुंकायला सांग आणि त्या लाळेत दात ठेव. मोठ्या माणसाचा दात असेल तर त्याने तो स्वतःच्या गालात धरला तरी चालतो. लहान मुलाला तसं सांगू नकोस, गिळून टाकेल.

दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही, खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. तो खुशाल कौलावर फेकू दे. ओळखायचा कसा? दुधाचा दात लहान आणि पांढराशुभ्र असतो. नुकता आलेला पक्का दात मोठा, किंचित पिवळट, आणि त्याच्या काठाला करवतीसारखे बारीक दाते असतात. शंका आली तर दुधात टाकून घेऊन जा, ठरवू दे डॉक्टरांना. मार लागून दुधाचा दात पडला तरी पोराला एकदा डॉक्टरांना दाखवावंच. धनुर्वाताच्या लसीचंही विचार.

दाताचा नुसता तुकडा उडाला तर तोही ओला ठेवून ने, पुष्कळदा तोच चिकटवता येतो. कॅप निघाली तर डबीत ठेव. फेविक्विक लावणारी माणसं असतात, तू त्यातली होऊ नकोस.

आता रात्रीचं दाढदुखीचं. ती नेमकी आडवं झाल्यावरच उठते, कारण डोक्याकडचा रक्तदाब वाढतो. दोन उशा घेऊन पडायचं. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरून अडकलेलं अन्न धाग्याने काढायचं. पिन किंवा आगपेटीची काडी नको. लवंगेच्या तेलाने मोठ्यांना तात्पुरता आराम पडतो, पण कापसाला एक थेंब लावून, पिळून, फक्त किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवतात, तिनेही हिरडी जळते. रुईचा चीक नको. आणि मिश्री तर नकोच, ती जाळलेली तंबाखू आहे. घ्यायची तर पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, दोन्ही मिळून मात्रा वाढते. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नकोस. नस सुजून ठणकते तेव्हा त्याचा उपयोग नसतो, दाढेवरच इलाज करावा लागतो.

आणि दाढ काढली की नजर जाते, असं सासूबाई म्हणतील. नाही जात. गरोदरपणात दातांना हात लावायचा नाही, हेही खरं नाही. डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगायचं, एवढंच.

दाढ काढून आल्यावर घरी रक्त येत राहिलं तर स्वच्छ कापडाची किंवा गॉजची जाड घडी ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसायचं. मधेमधे उघडून बघायचं नाही, थुंकायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा तरीही थांबलं नाही तर फोन करायचा.

दुखणं सकाळपर्यंत थांबू शकतं, सूज थांबू शकत नाही. जबड्याखाली सूज पसरतेय, तोंड उघडत नाही, लाळसुद्धा गिळता येत नाही, ताप आहे, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, यातलं काहीही दिसलं तर दाताचा दवाखाना उघडायची वाट बघायची नाही. ती सूज श्वासनलिका दाबू शकते. बाहेरून शेकायचं नाही, सुईने टोचायचं नाही. १०८ लाव नाहीतर रिक्षा कर आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. दातामुळे माणूस दगावत नाही असं म्हणणाऱ्यांनी असा रुग्ण पाहिलेला नसतो.

मुंबईत नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. पण रात्री आणि रविवारी तुझ्या जवळपास कोण भेटतं, ते आजच फोन करून विचार आणि तो नंबर फोनमध्ये ठेव. नवऱ्याच्या फोनमध्येही.