ओला कचरा, हवामान आणि महापालिकेचा हिशेब

शहर वाढले की कचरा वाढतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. परंतु आपल्या घरातून गेलेल्या कचऱ्याचा वाढत्या उष्म्याशी संबंध आहे, ही गोष्ट अद्याप पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. म्हणून सभासद बंधु-भगिनींसाठी, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आम्ही हा विषय घेतला आहे. उदाहरण मुंबईचे आहे.

प्रथम शास्त्र पाहू. भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली हवेशीर खड्ड्यात कुजल्या तर त्यांचे खत होते. तोच माल डम्पिंग ग्राउंडवर थरावर थर रचला गेला की आत हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे जीवाणू तेथे आपले काम करतात आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर हे प्रमाण ८० पटींच्या जवळ जाते. हा वायू पेटतोही. देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. त्या ढिगाऱ्याला लागून गोवंडीच्या वस्त्या आहेत. धूर प्रथम कोणाच्या घरात शिरला असेल, हे वाचकांनीच जाणावे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, असे त्यात म्हटले आहे. शहराच्या एकूण उत्सर्जनात कचऱ्याचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास धरला आहे. मोठा वाटा विजेचा व इंधनाचा. मग एवढ्याशा वाट्यासाठी यातायात कशाला, असे कोणी विचारील. पण वीज कोळशावर करावी की सूर्यावर, हे महापालिका एकटी ठरवू शकत नाही. कचऱ्याचे तसे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हे नागरी संस्थांचे काम म्हणून स्पष्ट नमूद आहे. येथे दिल्लीकडे बोट दाखविता येत नाही.

विद्यार्थ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. समजा, एका चाळीत १०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घरातून रोज ६०० ग्रॅम ओला कचरा निघतो. रोजचे ६० किलो, म्हणजे वर्षाचे जवळजवळ २२ टन. एवढे वजन ट्रकमध्ये भरायचे, शहराच्या टोकाला न्यायचे आणि तेथे त्याचा मिथेन करायचा, यासाठी आपण कर भरतो! रोज १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवावा, असे महापालिकेने २०१७ मध्ये बजावले. मोठ्या संकुलांत बाग असते, जागा असते. चाळ आणि झोपडपट्टी यांना जागा कोठून आणायची, याचा विचार आराखडा करणाऱ्यांनीच केला पाहिजे. आमच्या मते प्रत्येक वॉर्डात लहान खतप्रकल्प हवा.

आता माणसांकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मागची पिढी सफाई खात्यात राबली आहे. हे काम कोणाच्या वाट्याला जातीने आले, ते येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. एकत्र कचऱ्यात फुटकी काच, सुया, सडलेले अन्न सारे असते आणि त्यात हात कोणाचा तरी जातोच. म्हणजे जे वर्गीकरण हवेसाठी हिताचे, तेच उचलणाऱ्याच्या हातासाठीही. मुंबईच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावा लागला.

पुण्यात वेगळा मार्ग निघाला. तेथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून महापालिकेशी करार करून या भगिनी घरोघर कचरा गोळा करतात. घरटी शुल्क घेतात आणि सुका माल विकतात. त्यांनी वेचलेला कागद-पत्रा पुन्हा कारखान्यात जातो, ढिगाऱ्यावर जात नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे सांगितले. उलट, वजनावर पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराला कचरा कमी होण्यात कसला आनंद?

आम्ही बँकेत खतावण्या पाहणारी माणसे. योजना हाती आली की प्रस्तावना सोडून आधी रकमेचा रकाना पाहतो. आपल्या वॉर्डात ओला कचरा वेगळा किती टन उचलला गेला, त्याचे खत किती झाले, वाहतुकीवर किती रुपये गेले, आणि कामगारांना हातमोजे व बूट वर्षातून कितीदा मिळाले, एवढे चार आकडे मंडळाच्या विद्यार्थ्यांनी मागवावेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.