आधी कोणते काम?

मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणी सोडले की पुढचे स्थानक पिंगळी. माझे गाव हेच. आता आमच्या गावाजवळचा मार्ग दुहेरी झाला आहे. माझ्या लहानपणी मात्र तो एकेरी होता. दोन स्थानकांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी येत असली, की स्टेशनमास्तर एकीला बाजूच्या लूप लाईनीवर घेत आणि दुसरीला पुढे सोडत. थांबलेल्या गाडीतले प्रवासी कुरकुर करीत. "आमचीच गाडी का थांबवली?" असे मास्तरांना विचारीत.

मित्रहो, तुमच्या-माझ्या दिवसाचा मार्गही एकेरीच आहे. गणिते सोडवायची आहेत, निबंध लिहायचा आहे, गिरणीत जायचे आहे, आणि हात मात्र दोनच! एका वेळी एकच काम पुढे जाणार. बाकीची लूप लाईनीवर थांबणार. मग आधी कोणते सोडायचे? "मनाला येईल ते" हे एक उत्तर झाले. पण या प्रश्नाचे चांगले गणिती उत्तरही आहे आणि ते समजायला बेरीज-वजाबाकी पुरते.

गिरणीतली रांग

समजा, पिंगळीतल्या एका पिठाच्या गिरणीत तिघे जण दळण घेऊन एकदमच आले. पहिल्याचे पोते मोठे, दळायला ३० मिनिटे लागतील. दुसऱ्याच्या डब्याला ५ मिनिटे आणि तिसऱ्याच्या पिशवीला १० मिनिटे. आपले पीठ हातात पडेपर्यंत प्रत्येक जण थांबणार आहे.

पोते आधी घेतले, मग डबा, मग पिशवी, तर तिघे अनुक्रमे ३०, ३५ आणि ४५ मिनिटांनी मोकळे होतील. एकूण खोळंबा ३० + ३५ + ४५ = ११० मिनिटे. आता क्रम बदलू. आधी डबा, मग पिशवी, शेवटी पोते. तिघे ५, १५ आणि ४५ मिनिटांनी मोकळे होतील. एकूण खोळंबा फक्त ६५ मिनिटे!

गंमत पाहा. गिरणी दोन्ही वेळा ४५ मिनिटेच चालली. वीज तेवढीच लागली, धान्य तेवढेच दळले गेले. केवळ क्रम बदलल्याने माणसांची ४५ मिनिटे वाचली.

असे का झाले? रांगेत लागोपाठ असलेली कोणतीही दोन दळणे घ्या, पुढे मोठे आणि मागे लहान. त्यांची अदलाबदल केली तर लहान दळणवाला मोठ्या दळणाइतका वेळ आधी सुटतो आणि मोठ्या दळणवाल्याला लहान दळणाइतकाच वेळ जास्त थांबावे लागते. फायदा मोठा, तोटा लहान. बाकी कोणालाही फरक पडत नाही. म्हणून अशा अदलाबदली करत राहिलो, की शेवटी सर्वांत लहान दळण पहिले येते. हा आपला पहिला नियम : एकूण खोळंबा कमी करायचा असेल, तर लहान काम आधी.

पण थांबा. ते मोठे पोते लग्नघरचे असेल आणि त्यासाठी घरी १२ माणसे हात बांधून बसली असतील तर? मग पोत्याचे वजन १२ धरायला हवे, इतरांचे १. लहान काम आधी केले तर खोळंबा ५ + १५ + (१२ × ४५) = ५६० माणूस-मिनिटे होतो. पोते आधी, मग डबा, मग पिशवी असे केले तर (१२ × ३०) + ३५ + ४५ = ४४० माणूस-मिनिटे. आता पोतेच आधी घ्यायला हवे! कामाच्या महत्त्वाला त्याच्या वेळेने भागावे आणि ज्याचा भागाकार मोठा ते काम आधी करावे, हा नियम स्मिथ नावाच्या संशोधकाने १९५६ साली मांडला. आपल्या उदाहरणात पोत्याचा भागाकार १२/३० म्हणजे ०.४, डब्याचा १/५ म्हणजे ०.२ आणि पिशवीचा १/१० म्हणजे ०.१ येतो.

माझी जर्नल आणि बाबांची तिफण

पहिला नियम मला विद्यार्थी असताना कोणी शिकवला नव्हता. तरी मी तो नकळत पाळत होतो आणि त्यानेच मला बुडवले. ती हकीगत सांगतो.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. रोज पिंगळीहून परभणीला जाऊन-येऊन शिकत असे. भौतिकशास्त्राच्या जर्नलमधले सात प्रयोग लिहायचे राहिले होते. जर्नल तपासून प्रमाणित झाली नाही, तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. शेवटची तारीख फळ्यावर लिहिलेली होती. मी कामांची यादी केली. तीत अकरा कामे होती. सायकलचे पंक्चर काढणे, ग्रंथालयाची पुस्तके परत करणे, वह्यांना कव्हरे घालणे, मित्राच्या टिपणांची नक्कल करणे... एकेक काम संपवून त्यावर फुली मारताना मोठे समाधान वाटे. चार दिवसांत दहा फुल्या झाल्या. उरली फक्त जर्नल आणि हातात एक रात्र. पहाटेपर्यंत जागलो, तरी तीन प्रयोग राहिलेच. त्या वर्षी मी प्रात्यक्षिकाला बसू शकलो नाही. वर्ष गेले. त्या साली आमच्याकडे कापूसही नीट आला नव्हता आणि त्यातच फी दुसऱ्यांदा भरावी लागली.

बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "घात निघून गेल्यावर तिफण जुंपून काय उपयोग, बाळा?"

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहेच. फार ओली असली तर तिफणीला चिकटते, वाळली तर दगडासारखी होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, ती स्थिती म्हणजे वाफसा. आमच्याकडे त्यालाच घात म्हणतात. ती थोडेच दिवस टिकते. शिवाय प्रत्येक पिकाची मुदत वेगळी. मूग-उडीद उशिरा पेरून चालत नाहीत, सोयाबीन थोडे थांबते, तूर त्याहून थोडी जास्त थांबते. घरात तिफण एकच. म्हणून बाबा मुगाचे वावर आधी पेरत, मग सोयाबीनचे, मग तुरीचे. कोणते वावर लहान आणि लवकर उरकेल, हे ते पाहत नसत. कोणाची मुदत आधी संपते, हे पाहत.

हा दुसरा नियम : कोणतेच काम फार उशिरा होऊ नये असे वाटत असेल, तर ज्याची मुदत आधी ते आधी. जॅक्सन या संशोधकाने १९५५ साली तो गणिताने सिद्ध केला. बाबांनी जॅक्सनचे नावही ऐकले नव्हते.

आकड्यांनी पडताळू. समजा, गणिताचा स्वाध्याय १ तासाचा आहे आणि ८ तासांच्या आत द्यायचा आहे. निबंध २ तासांचा, मुदत ९ तास. जर्नल ४ तासांची, मुदत ४ तास. लहान काम आधी केले तर गणित पहिल्या तासाअखेर संपेल, निबंध तिसऱ्या आणि जर्नल सातव्या. म्हणजे जर्नलला ३ तास उशीर! मुदतीप्रमाणे केले तर जर्नल चौथ्या, गणित पाचव्या आणि निबंध सातव्या तासाअखेर संपेल. उशीर कशालाच नाही. श्रम दोन्ही वेळा ७ तासांचेच.

मग खरा नियम कोणता? दोन्ही! प्रश्न बदलला की उत्तर बदलते. माणसे खोळंबली असतील तर पहिला नियम, मुदती असतील तर दुसरा. मी मुदतीच्या प्रश्नाला रांगेचे उत्तर लावले, ही माझी चूक. यादीवरच्या फुल्या मोजून कामाचे मोजमाप होत नाही.

स्वतःहून चालणारी कामे

काही कामांना आपला हात थोडाच वेळ लागतो. पुढे ती आपली आपण चालू राहतात. विज्ञान प्रदर्शनासाठी बिया रुजण्याचा प्रयोग करायचा आहे असे समजा. बिया पेरायला दहा मिनिटे, पुढे ७ दिवस निरीक्षण, मग तक्ते काढायला २ दिवस. याशिवाय एक प्रतिकृती बनवायची आहे, तिला ४ दिवस लागतात. आधी प्रतिकृती केली आणि मग बिया पेरल्या, तर ४ + ७ + २ = १३ दिवस. पहिल्या दिवशीच बिया पेरल्या, तर रोजचे निरीक्षण करता करता त्या ७ दिवसांतच प्रतिकृती होऊन जाते आणि सगळे ९ दिवसांत आटोपते.

अनेक कामांच्या साखळ्यांपैकी जी सर्वांत लांब, तीच शेवटचा दिवस ठरवते. या विचारावर आधारलेल्या नियोजनाच्या पद्धती अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास निघाल्या आणि आज धरणे, पूल, कारखाने बांधताना वापरल्या जातात. तुमची आई चुलीवर वरण ठेवून मग भाकरीचे पीठ मळायला घेते, तेव्हा तीही हेच करत असते.

दिवस ठासून भरू नका

हुशार विद्यार्थी एक चूक हमखास करतात. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत प्रत्येक मिनिटाला काम लिहून ठेवतात. दुसऱ्याच दिवशी पाहुणे येतात, वीज जाते, गाडी उशिरा येते आणि वेळापत्रक कोसळते. यात तुमच्या निश्चयाचा दोष नसतो. दोष गणिताचा असतो.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. कामे केव्हाही येत असतील आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल हे नक्की नसेल, तर सर्वांत साध्या रांगेचे गणित असे सांगते : काम करणारा निम्मा वेळ गुंतलेला असेल, तर सरासरी १ काम त्याच्याकडे पडून असते. ८० टक्के वेळ गुंतला तर ४ कामे, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९! गुंतलेला वेळ ८० वरून ९५ झाला, म्हणजे थोडासाच वाढला. तुंबलेली कामे मात्र जवळजवळ पाचपट झाली. एकेरी मार्गावर गाड्या वाढल्या, की एका गाडीच्या उशिराने दहा गाड्या रखडत, त्याचे कारण हेच.

म्हणून दिवसातला पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. तो वाया जात नाही. अचानक येणाऱ्या कामांसाठी ती तुमची लूप लाईन आहे.

ज्याला मुदतच नाही ते काम

आता सर्वांत अवघड प्रश्न. मुदतीच्या नियमाने चालायचे, तर ज्याला मुदतच नाही ते काम नेहमी शेवटी जाईल. रोज नवी मुदत येईल आणि ते कायमचे लूप लाईनीवर उभे राहील. आवडीचे वाचन, प्रयोग, नवी भाषा शिकणे ही सारी अशीच कामे आहेत. ती केली नाहीत म्हणून कोणी शिक्षा करत नाही. पण माणूस वाढतो तो त्यांनीच.

देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचे उदाहरण पाहा. ते शाळेत शिक्षक होते आणि १९६२ साली निवृत्त झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधन संस्थेत जागा नाही. संख्यांचा अभ्यास कर, असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. तरी नोकरी सांभाळून त्यांनी तो जन्मभर केला. ६१७४ ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून जगभर ओळखली जाते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव दूरवर पोहोचले. तोवर त्यांच्या निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती.

अशा कामाला जागा कशी द्यायची? याचेही उत्तर रेल्वेकडेच आहे. रुळांची दुरुस्ती करा, असे कोणताही प्रवासी म्हणत नाही. तरी रेल्वे ठरावीक वेळ राखून ठेवते, गाड्या थांबवते आणि रूळ दुरुस्त करते. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. तो चुकवला तर आज काहीच बिघडत नाही, पण एक दिवस गाडी घसरते. तुम्हीही रोज अर्ध्या तासाचा असा ब्लॉक ठेवा. तेवढा वेळ बाकी सगळ्या गाड्यांना सिग्नल लाल!

मी पुढच्या वर्षी ती जर्नल सर्वांआधी पूर्ण केली. आज मी स्वतः विद्यार्थ्यांच्या जर्नली तपासतो. कोणाची अपुरी दिसली, की त्याला आधी त्याच्या कामांची यादी मागतो. बहुतेक वेळा तीवर पुष्कळ फुल्या असतात.

करून पाहा

१. गिरणीत २०, ५, १५ आणि १० मिनिटांची चार दळणे याच क्रमाने लावली आहेत. एकूण खोळंबा किती? कमीत कमी किती करता येईल?

२. आठवडाभर प्रत्येक कामाआधी त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज लिहा आणि काम झाल्यावर खरा वेळ लिहा. तुमचा अंदाज कोणत्या कामात सर्वांत जास्त चुकतो?

३. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करा. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. उदाहरणार्थ, ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचाल. हे मात्र तुमच्या ब्लॉकमध्येच करा!

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर : १३५ मिनिटे, कमीत कमी १०० मिनिटे.)