प्लाझ्माने मातीची शुद्धी

प्रश्न : शेजारच्या कारखान्याचे तेल व रसायने आमच्या शेतात मुरली आहेत. विजेच्या प्लाझ्माने अशी माती शुद्ध होते काय?

उत्तर : होते, परंतु ती पुन्हा पिकाऊ राहीलच, या भरवशावर कोणाशीही करारमदार करू नये, ही विनंती आधीच करतो. १९९१ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात, ब्यूट येथे, सरकारी देखरेखीखाली जी चाचणी झाली, तीत मातीमध्ये मुद्दाम डिझेल, हेक्झाक्लोरोबेंझीन व झिंक ऑक्साइड कालवून ती फिरत्या भट्टीत सोडण्यात आली, आणि विद्युत्-ज्योतीच्या प्रखर उष्णतेने ती वितळून हेक्झाक्लोरोबेंझीनचा ९९.९९ टक्क्यांहून अधिक नाश झाला. हाती आला तो मात्र काचेसारखा थिजलेला खडक; त्यात बी रुजत नाही.

आपल्या गरजेस अधिक जवळचा तो शीत प्लाझ्मा. दोन विद्युदग्रांमध्ये काचेचा वा चिनी मातीचा पडदा ठेवून उच्च दाबाची वीज सोडली, की जांभळट प्रकाशात ओझोन व हायड्रॉक्सिल निर्माण होतात आणि तेलाच्या रेणूंचे तुकडे करतात. परंतु त्यांची पोच काही मिलिमीटरच असल्याने माती उकरून, चाळून, पातळ थरात पसरावी लागते. ती फार ओली असल्यास वीज व्यर्थ जाते. शिसे वा क्रोमियम यांचा तर कोणत्याही प्लाझ्माने नाश होत नाही. म्हणून प्रथम मातीचे रासायनिक पृथक्करण करवून घ्यावे, आणि त्याचा दाखला जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रीतसर अर्ज गुदरावा; शुद्धीचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केलेले आहे.