वजनवाढ : मातेच्या उदरापासून प्रौढ वयापर्यंत

अंगाने भरणे म्हणजे प्रकृती सुधारणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता-बालकांचा जो अभ्यास केला, त्याने या समजुतीस धक्का दिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. परंतु आपल्या बालकांत उणीव होती ती प्रामुख्याने स्नायूंची. त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणूनच सडपातळ दिसणाऱ्या प्रौढासही मधुमेह गाठतो. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपलीकडे गेल्यास, वजनकाटा काहीही सांगो, रक्तशर्करा तपासून घ्यावी.

त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बालके मोठी, तर अतिश्रम करणाऱ्यांची लहान आढळली. अक्कलकोट परिसरातील शेतमजूर कुटुंबांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. ज्वारीची भाकरी व शेंगाचटणी उत्तमच. जोडीस मेथी, अंबाडी, चाकवत हवी. बाळ मोठे झाल्यास बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने गर्भवतीस अर्धपोटी ठेवणे सर्वथा अयोग्य होय. गरोदरपणात साधारणतः १० ते १२ किलो वजन वाढावे.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन किंचित घटते व सुमारे दोन आठवड्यांत भरून येते. आजीबाईंनी तेवढ्यावरून वरचे दूध सुरू करू नये. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट व वर्षअखेरीस तिप्पट वजन अपेक्षित असते. ते होत नसल्यास बालरोगतज्ज्ञांस अवश्य दाखवावे.