वरच्या मजल्यावर फुलं, खालच्या मजल्यावर नुसती पानं!

प्रश्न : आमच्या गॅलरीत ब्रह्मकमळ आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या झाडाचं पान दिलं होतं, तेच लावलं. आता ते चांगलं माणूसभर उंच झालंय, पानं हिरवीगार, पण पाच वर्षांत एक कळी धरलेली नाही. वहिनींकडे मात्र दर पावसाळ्यात एकेका रात्री दहा-बारा फुलं! मग आरती काय, फोटो काय, सगळी बिल्डिंग त्यांच्याकडे. मी दर महिन्याला शेणखत घालते, रोज पाणी देते, दोनदा मोठी कुंडीही केली. सासूबाई म्हणतात, हे फूल ज्याच्या नशिबात असतं त्याच्याच घरी फुलतं. मुलगा म्हणतो, हा निवडुंग आहे, याला पाणीच घालू नकोस. पुतण्या हिमालयात ट्रेकला जाऊन आला, तो म्हणतो हे मुळी ब्रह्मकमळच नाही. यातलं खरं काय धरायचं? हे फूल रात्रीच का उमलतं? आणि सकाळी कोमेजल्यावर त्याचं काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पुतण्याचं म्हणणं आधी निकालात काढू, कारण तो बरोबर आहे आणि त्याने तुमच्या झाडाला काही फरक पडत नाही. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर दगडधोंड्यांत वाढतं. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं, त्याचं शास्त्रीय नाव सॉस्युरिया ऑब्व्हालाटा. डोंबिवलीच्या गॅलरीत ते एक उन्हाळा काढणार नाही. तुमच्याकडचं आहे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. महाराष्ट्रात गच्च्यागच्च्यांवर ब्रह्मकमळ म्हणून जे फुलतं ते हेच, आणि त्याचं ते नाव आता कुणी बदलायला जाऊ नये.

मुलगाही निम्मा बरोबर. हा निवडुंगच आहे, पण वाळवंटातला नव्हे, जंगलातला. दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडची दमट जंगलं हे त्याचं माहेर. तिथे तो जमिनीत रुजण्याऐवजी बहुधा मोठ्या झाडांच्या बेचक्यांत वाढतो. बेचक्यात साठलेला पालापाचोळा आणि सालीचा भुगा, एवढंच त्याचं भांडवल. पाऊस आला की मुळं चिंब भिजतात, पाऊस थांबला की वाऱ्याने लगेच सुकतात. वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड दिवसभर मिळतो. आपल्या सह्याद्रीतली आमरी झाडांच्या खोडांवर राहते, तसंच याचं बिऱ्हाड. ज्या झाडावर बसतो त्याचा रस मात्र हा शोषत नाही.

आता तुमच्या झाडाचं एक पान हातात घेऊन नीट बघा. आपण त्याला पान म्हणतो खरं, पण ते चपटं झालेलं खोड आहे. मधोमध जाड शीर आणि दोन्ही कडांना थोड्या-थोड्या अंतरावर खाचा. इतर निवडुंगांना जिथून काटे येतात, ती जागा इथे या खाचांत असते. इथे काटे नाहीत, पण नवी फांदी फुटते ती या खाचेतून आणि कळी येते तीही या खाचेतूनच. म्हणजे प्रत्येक खाचेपुढे दोन वाटा आहेत : फांदी किंवा फूल. तुम्ही पाच वर्षं जे काही मायेने केलंत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने फांदीच्या बाजूने कौल दिला.

सगळ्यात मोठी गोम मात्र तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. उजेड! वहिनी वरच्या मजल्यावर, तुम्ही त्यांच्या खाली. त्यांच्या गॅलरीवर बहुधा मोकळं आकाश असेल आणि तुमच्या डोक्यावर त्यांच्या गॅलरीचा स्लॅब. पान एकाच झाडाचं, हवा एकाच गावाची, पाणीसुद्धा एकाच टाकीचं. मग उरतो तो उजेडच. सासूबाई ज्याला नशीब म्हणतात ते मला वाटतं सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आहे.

झाड स्वतःही हे सांगतं. पानं गर्द हिरवी, मऊ आणि लोंबती असतील, लांब निमुळत्या गोल दांड्या उजेडाच्या दिशेने पळत सुटल्या असतील, तर सावली जास्त झाली. रंग जरासा पोपटी, पान रुंद आणि ताठ असेल तर उजेड बेताचा आहे. कडा लालसर पडू लागल्या किंवा पांढुरके भाजल्याचे डाग आले, तर ऊन फार झालं. तुमच्या ‘हिरवीगार’ या शब्दावरच मला संशय आला. कुंडी कठड्याजवळ, शक्यतो पूर्वेच्या बाजूला आणा, पण एकदम नको. रोज थोडी-थोडी सरकवत पंधरवड्यात नेऊन ठेवा, नाहीतर सावलीला सोकावलेली पानं करपतात. दुपारचं बारा ते चारचं ऊन टाळा. विदर्भातल्या वाचकांनी तर एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी लावल्याशिवाय हे झाड बाहेर ठेवूच नये.

शेणखताचं काय? दर महिन्याला नको. शेणखत-गांडूळखताचा मारा केला की नत्र भरपूर मिळतं आणि नत्र मिळालं की झाड पानांच्या मागे लागतं. वर्षातून एकदा, उन्हाळा संपता-संपता, मूठभर चांगलं कुजलेलं खत पुरे. कळ्यांच्या आधी द्यायचंच असेल तर ज्यात नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त, असं विद्राव्य खत अगदी पातळ करून द्या. केळीच्या सालींचं पाणी घालावं का, असं बरेच जण विचारतात. नुकसान नाही, पण त्यातून होणारा फायदा थोडा आणि जमणारी चिलटं फार.

मोठ्या कुंडीचा मोह इथे नडतो. मुळं कुंडीत दाटीवाटीने बसली की हे झाड खुशीत असतं. कुंडी मोठी केली की ते आधी मुळं वाढवतं, मग पानं, आणि फुलांचा विचार त्यानंतर कधीतरी. शिवाय मोठ्या कुंडीतली माती लवकर सुकत नाही. मला विचाराल तर साधी मातीची आठ-दहा इंची कुंडी या झाडाला वर्षानुवर्षं पुरते. भरायचं असं : बागेची माती अगदी थोडी, बाकी पालापाचोळ्याचं खत, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि विटांचे बोराएवढे खडे. वरून पाणी ओतलं की खालून लगेच वाहिलं पाहिजे. वर साचून राहिलं तर ती माती या झाडाची नव्हे. या वर्षी मात्र कुंडी बदलू नका, आधीच दोनदा हलवलंय त्याला.

पाण्याच्या बाबतीत मुलाचंही ऐकू नका आणि स्वतःचंही. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, ओल लागली तर परत फिरा. भर पावसाळ्यात डोंबिवलीसारख्या हवेत आठवडाच्या आठवडा पाणी लागणार नाही. थंडीत तर हात आखडताच ठेवा, तो त्याचा विश्रांतीचा काळ. नाशिककडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी. परदेशातल्या वाचकांसाठी एवढंच : हिमाने हे झाड मरतं, हिवाळाभर ते खिडकीच्या आत हवं.

लांब गोल दांड्या विद्रूप दिसतात म्हणून त्या सरसकट छाटू नका. त्यांच्याच वरच्या भागाला पुढे चपटी पानं फुटतात. जुनी, जरा राकट दिसणारी पानंही राहू द्या. ज्या खाचेतून एकदा फूल येऊन गेलं ती खाच पुन्हा फुलत नाही, पण शेजारच्या खाचा शिल्लक असतात. नीटनेटकेपणाच्या नादात दर वर्षी छाटणी करणाऱ्या घरांत हे झाड फुलत नाही, हे मी वारंवार पाहिलंय. कापायचं ते फक्त सडलेलं. पानाच्या बुंध्याशी किंवा कळीच्या देठाजवळ कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा, मग साबणाच्या पाण्यात मिसळलेलं कडुनिंबाचं तेल फवारा. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायीही बघाव्यात, कोवळी कळी त्यांना फार आवडते.

कळी धरली हे कसं ओळखायचं? खाचेत मोहरीएवढा तांबूस ठिपका येतो. तो चपटा होत गेला तर समजा फांदी. गोलसर राहून खाली लोंबू लागला तर कळी. तिथून फूल उमलेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. या काळात कुंडी हलवू नका, वळवू नका, पाण्याचा ताण पडू देऊ नका. तरीही काही कळ्या पिवळ्या पडून गळतील. धरलेली प्रत्येक कळी टिकत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शेवटचे दिवस बघण्यासारखे असतात. इतके दिवस खाली लोंबणारा लांब देठ हळूहळू वर वळतो आणि कळी हंसाच्या मानेसारखी बाक घेऊन तोंड वर करते. ज्या रात्री उमलायचं त्या संध्याकाळी ती टम्म फुगते, बाहेरच्या तांबूस पाकळ्या सैल होतात आणि टोकाशी बारीकशी फट दिसते. फट दिसली की पाहुण्यांना निरोप धाडायला हरकत नाही. आठ-नऊच्या सुमारास हालचाल सुरू होते. नजर रोखून बसलात तर पाकळ्या सरकताना दिसतात, मधूनच एखादी झटक्याने सुटते. वास तर बघणाऱ्यांच्या आधी दारापर्यंत पोहोचतो. मध्यरात्रीच्या आसपास फूल पूर्ण उघडतं. आत शेकडो पिवळसर पुंकेसर, आणि त्यांच्या पुढे झुकलेला पांढरा स्त्रीकेसर, टोकाला फाटे फुटून चांदणीच्या आकाराचा झालेला. कुणाला त्यात ब्रह्मदेव दिसतो, कुणाला शेषाची फणा. पहाटेपर्यंत सगळं मिटून मान टाकलेली असते.

रात्रीच का, याचं कारण त्याच्या माहेरी आहे. अंधारात फिरणाऱ्या, लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी ही सगळी मांडणी : काळोखात उठून दिसणारा पांढरा रंग, लांबून बोलावणारा वास, आणि लांबच लांब नळीच्या तळाशी ठेवलेला मध. दिवसा फिरणाऱ्या मधमाशीसाठी हा बेत नाही. बाकीच्या निवडुंगांप्रमाणे या झाडाची श्वासरंध्रंही मुख्यतः रात्री उघडतात, दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून. आपल्या सांगली-सोलापूरकडे सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूट लावलेलं दिसतं, ते याचं जवळचं नातलग. त्याची फुलंही रात्रीच उमलतात आणि लांबून पाहिलं तर ब्रह्मकमळच वाटतात. काही शेतकरी रात्री बॅटरी घेऊन कुंचल्याने त्यांचं परागण करतात, तेव्हा फळ धरतं. आपल्या गॅलरीतल्या ब्रह्मकमळाला फळ क्वचितच लागतं. आपल्याकडे ते घरोघर पानं देऊन-घेऊनच पसरलंय, त्यामुळे तुमचं आणि वहिनींचं झाड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच.

या पावसाळ्यात फुललं नाही तर लगेच हिरमुसू नका. उजेड बदलला की त्याचं फळ बहुधा पुढच्या हंगामात दिसतं. तोवर हातचं म्हणून वहिनींकडून आणखी एक पान मागून घ्या. या वेळी कोवळं नको, ज्याच्यावर फूल येऊन गेलंय असं रुंद आणि राठ पान मागा. वीतभर तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवा, कापलेली जागा सुकू द्या, मगच लावा. ओली जखम थेट मातीत गेली की सडते. वरचं टोक वरच ठेवा आणि दोन इंच मातीत खोचा. अशा झाडाला साधारण दोन-तीन वर्षांत कळी धरते.

राहिलं कोमेजलेलं फूल. देवापुढे ठेवलं असेल तर निर्माल्यात जाईलच. तैवान-चीनमध्ये ही फुलं सूपमध्ये घालून खातात, शिजल्यावर ती भेंडीगत बुळबुळीत होतात. तुम्हाला हौस असेल तर करून बघा, मात्र त्या हंगामात झाडावर कुठलंही कीटकनाशक फवारलेलं नसावं. कडुनिंबाचं तेल मारलं असेल तरी ते फूल स्वयंपाकघरात नेऊ नका, खताच्या डब्यात टाका. देठ ओढून तोडू नका. दोन दिवसांत तो आपणच सुटून हातात येतो. हिसका दिला तर खाचेपाशी साल सोलली जाते आणि पावसाळी हवेत तिथून बुरशी शिरते.