पाठ ७ : फूल ना फुलाची पाकळी

मुलांनो, वाचण्याआधी एक गंमत करा. हात मागे नेऊन पाठीच्या मधोमध बोट फिरवा. छोटी छोटी हाडं लागतात ना? ते मणके. एकावर एक रचलेल्या मणक्यांचा पाठीचा कणा होतो.

काही मुलांचा कणा एका बाजूला वाकत जातो. त्याला स्कोलिओसिस म्हणतात. ज्यांचे स्नायू दुबळे असतात, जी व्हीलचेअर वापरतात, अशा मुलांमध्ये वाढीच्या वयात हा बाक भराभर वाढू शकतो. मग नीट बसता येत नाही. बाक फारच वाढला तर फुप्फुसांना जागा कमी पडते. तेव्हा डॉक्टर म्हणतात, "आता थांबू नका, ऑपरेशन करा." ऑपरेशनमध्ये स्क्रू आणि धातूच्या सळ्या बसवून कणा शक्य तितका सरळ करतात.

समजा, तुमच्या आत्याच्या गावातल्या एका मुलीला हे ऑपरेशन हवं आहे आणि घरी तेवढे पैसे नाहीत. तुम्ही इथे वर्गणी गोळा करणार. कशी?

१. आधी तिला विचारा. नाव, फोटो, आजार यांतलं किती सांगायचं, ते ती आणि तिचे आई-बाबा ठरवतील.

२. हॉस्पिटलकडून खर्चाचा लेखी अंदाज मागवा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. आत्याला तिथे चौकशी करायला सांगा.

३. खरं तेच लिहा. "ऑपरेशन झालं की ती चालू लागेल," असं लिहू नका. तिला नीट बसता यावं, शाळेत जाता यावं, श्वास घेता यावा, म्हणून हे ऑपरेशन आहे. आणि "बिचारी" हा शब्द नको. ती गणितात हुशार असेल, थोडी भांडखोरही असेल, अगदी तुमच्यासारखी!

४. परदेशी नागरिकांकडून देणगी घ्यायला भारतातल्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. ते मोठ्यांना बघू द्या. तुम्ही वहीत हिशेब लिहा. कुणी एक डॉलर दिला तरी लिहा.

देणारे म्हणतील, "फूल ना फुलाची पाकळी." म्हणजे, जमेल तेवढं थोडं. पाकळ्या जमल्या की फूल होतंच.

शब्दार्थ
बाक – वाकलेपणा
वर्गणी – सगळ्यांकडून थोडे थोडे जमवलेले पैसे
खाट – पलंग
निर्धन – ज्याच्याकडे पैसे नाहीत असा

प्रश्न
१. हे ऑपरेशन लवकर का करावं लागतं?
२. "बिचारी" हा शब्द का नको? आई-बाबांशी बोला आणि तीन वाक्यं लिहा.