माइक आणि कर्णा : एकाच तत्त्वाची दोन रूपे

ग्रामसभेत पाण्याविषयी प्रश्न विचारण्यासाठी एखादी भगिनी उठते. संकोचाने ती माइकपासून दूर उभी राहते. तिचे बोलणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढविला जातो, तोच कर्ण्यातून कर्कश शिट्टी निघते आणि ती खाली बसते. दोष यंत्राचा मानला जातो. वस्तुतः यंत्र आपल्या नियमानेच चाललेले असते. तो नियम समजून घेणे उपयुक्त ठरेल.

बोलताना हवेत दाबाच्या लहरी उठतात. सभांमध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या डायनॅमिक माइकमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला जोडलेले बारीक तारेचे वेटोळे चुंबकाच्या ध्रुवांमधील फटीत अधांतरी असते. लहरींमुळे पडदा कंप पावतो व वेटोळे हलते. चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. आवाज मोठा असेल तर हा दाब वाढतो. सूर उंच असेल तर त्याचे हेलकावे जलद होतात. मात्र तो व्होल्टच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. म्हणून ॲम्प्लिफायरची आवश्यकता भासते.

कर्ण्यात हाच क्रम उलटा होतो. वाढविलेला प्रवाह तेथील वेटोळ्यातून वाहू लागला की चुंबक त्यास मागेपुढे ढकलतो, पडदा हलतो आणि हवेत पुन्हा लहरी उठतात. चेस्टर राईस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली फिरत्या वेटोळ्याच्या स्पीकरची रचना मूलतः आजही वापरात आहे. माइक व स्पीकर यांच्यातील साम्य इतके की, काही इंटरकॉममध्ये एकच स्पीकर ऐकण्यास व बोलण्यास वापरला जात असे.

आता शिट्टीचे कारण स्पष्ट होईल. कर्ण्यातील ध्वनी माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, आणि हे चक्र वाढतच जाते. यावर उपाय सोपे आहेत. कर्णे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. माइक बोलणाराच्या तोंडाजवळ न्यावा. अंतर निम्मे केल्यास माइकवर पडणारा ध्वनिदाब सुमारे दुप्पट होतो, त्यामुळे ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवावा लागत नाही.

दूर उभ्या असलेल्या भगिनीच्या हाती माइक द्यावा, एवढेच पुरेसे आहे. तिचा प्रश्न मग अखेरच्या रांगेपर्यंत पोहोचेल.